टेबल एकच, माणसं कुठं कुठं

आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी आपापलं ठिकाण नकाशावर टाकलं आणि मी बघतच बसले, दोन वर्षं ज्यांच्यासोबत ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतेय, म्हणजे एकेक कॅरेक्टर घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचतेय, ती माणसं तीन खंडांत पसरलीयेत! आवाज इतके ओळखीचे झालेत की सगळे शेजारच्याच गल्लीत राहतात असं वाटायचं.

तसं बघायला गेलं तर हा खेळ जन्मापासूनच असा आहे. १९७४ ला या प्रकारातला पहिला गेम, डंजन्स अँड ड्रॅगन्स, आला तेव्हा तो बनवणारे दोघं, गॅरी गायगॅक्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात आणि डेव्ह आर्नेसन मिनेसोटात, दोघांचं बरंचसं काम पत्रांवर आणि फोनवर चालायचं, हे मला फार आवडतं. मग असेच गेम इतर देशांतही आले, स्वीडनमध्ये १९८२ ला ड्राकर ओक डेमोनर, जर्मनीत १९८४ ला दास श्वार्त्से आउगे, जपानमध्ये तर कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या गेमची क्रेझ आहे.

खरी कसरत घड्याळाची. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे सगळं गणितच बदलतं. गेल्या मार्चमध्ये आमच्यात जादूगार खेळणारा बिचारा तासभर एकटाच कॉलवर बसून होता, आम्ही आलो तेव्हा त्याने प्रत्येकाच्या कॅरेक्टरचं छोटं चित्र काढून ठेवलं होतं, माझ्या धनुर्धारीच्या तुटक्या बाणासकट. आता सेशनची वेळ आम्ही फक्त यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरासाठीच्या एकाच प्रमाण वेळेत लिहितो.