मुठेतल्या गोगलगायी आणि पाण्याची केमिस्ट्री: माझा अनुभव

शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून पाण्यात कॅल्शियम मुबलक तिथे गोगलगायींच्या जाती जास्त, हे झूऑलॉजीत आम्हाला पाठच असतं. ब्रिटनमधल्या नद्या-तळ्यांवरून गोगलगायींचे अभ्यासक बॉयकॉट यांनी १९३६ मध्ये लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम ही सीमा सांगितली. त्याखाली कित्येक जाती सापडत नाहीत. पुण्याच्या मुठा नदीला हे कितपत लागू पडतं, हा माझ्या एम.एस्सी.च्या डेझर्टेशनचा विषय.

उगमाकडे, टेमघरच्या बाजूला घाटातला पाऊस बेसॉल्टवरून वाहून येतो, पाणी मऊ, म्हणजे कमी कॅल्शियमचं असतं. तिथल्या पॅलुडोमस या गोगलगायींच्या शंखांची टोकं झिजलेली होती. भिंगाखाली बघितलं की वरचा तपकिरी पापुद्रा गेलेला आणि आतला पांढरा थर उघडा पडलेला. तरीही त्या दगडांवर त्या खुशाल चरत होत्या. शहराकडे सरकलो तसं कॅल्शियम मोजायच्या टायट्रेशनला ईडीटीए हे रसायन जास्त लागायला लागलं, म्हणजे कॅल्शियम वाढत गेलं. जाती मात्र घटल्या.

याचा उलगडा पाण्यातला ऑक्सिजन तपासायच्या बाटलीने केला. ३०० मिलीची बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगेनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. खडकवासल्याच्या वर तो दाट तपकिरी यायचा. शहरात मुळा-मुठेच्या संगमाजवळ पहाटे भरलेल्या बाटलीत मात्र पांढराफटक राहिला. त्या पाण्यात ऑक्सिजन उरलाच नव्हता. पहाटेची वेळ मॅडमनी सांगितली होती, आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती पाळावी असं मला मनापासून वाटतं. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे मरायला टेकलेली नदीसुद्धा कागदावर ठणठणीत दिसते.

अशा पाण्यात झाकणवाली, कल्ल्याने श्वास घेणारी बेलामिया ही गोगलगाय जिवंत मिळाली नाही. तिचे रिकामे शंख गाळात होते, पण ते वरून वाहत येतात, म्हणून मोजणीत धरले नाहीत. मिळाली ती फायसेला. डाव्या वळणाचा पातळ शंख, पृष्ठभागावर येऊन हवा घेणारी, मूळची उत्तर अमेरिकेतली. सोबत चपट्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस. हिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं आणि तीही हवेवर श्वास घेते.

म्हणून जातींच्या एका आकड्यावर मी समाधान मानलं नाही. तक्त्यात कल्लेवाल्या आणि हवा घेणाऱ्या जाती वेगळ्या मांडल्या. शहरात दुसरा रकाना भरलेला आणि पहिला रिकामा, तेव्हा कुठे नदीची खरी अवस्था दिसली. व्हायव्हामध्ये सगळे प्रश्न त्याच तक्त्यावर आले. परीक्षकांनी विचारलं, सांडपाणी थांबलं तर बेलामिया परत येईल का? मी म्हटलं, कॅल्शियम आहेच, वरच्या अंगाला बेलामियाही आहे. ऑक्सिजन द्या, येईल.