सोन्या अठरा वर्षांचा झाला, त्याच्या आधीची दोन वर्षं

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनची बौद्धिक अक्षमता. घरात सगळे त्याला सोन्या म्हणतात, इथेही तेच लिहिते. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, पुण्यात नोकरी करते, आई बाबा आणि सोन्या गावी असतात, तालुक्याचं ठिकाण आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. गेल्या महिन्याभरात अशाच मुलांच्या तीन आयांनी मला फोन करून एकच विचारलं, मुलगा अठराचा होतोय, आता काय काय करायचं? प्रत्येकीशी तास तासभर बोलते तरी निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच बसून लिहितेय.

आमची सुरुवात जून २०२२ मध्ये झाली, सोन्या तेव्हा सोळाचा. मी सुट्टीवर होते म्हणून स्पेशल स्कूलच्या पालकसभेला आईबरोबर गेले, तिथे बाईंनी सरळ सांगितलं की अठरा पूर्ण झाले की पटावरून नाव कमी होतं, त्याच्यापुढे कार्यशाळा, म्हणजे मोठ्या दिव्यांग मुलांना काम शिकवतात ती जागा, पण तिथे प्रवेश मिळाला तर, नाहीतर मूल घरी. परत येताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं रोज डबा भरतेय गं, शाळा संपणार हे डोक्यातच कधी आलं नाही."

त्याच महिन्यात शाळेतल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी त्याची सोशल मॅच्युरिटीची टेस्ट घेतली, व्हीएसएमएस म्हणतात तिला. त्यात मुलाला कमी आणि घरच्यांनाच जास्त प्रश्न असतात, अंघोळ स्वतः करतो का, केस स्वतः विंचरतो का, दुकानातून वस्तू आणतो का, आजूबाजूला एकटा जातो का. आई प्रत्येकाला नाही, नाही म्हणत गेली. मग मॅडमनी विचारलं, "जमत नाही, की कधी करू दिलं नाही?" आई गप्प. मीही गप्पच, कारण सुट्टीत गेले की त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधायचे.

खरं सांगते, पुढच्या दोन वर्षांचं आमचं सगळं प्लॅनिंग त्या एका प्रश्नातून निघालं. फोन करणारे सगळे पहिल्यांदा कागदपत्रांचंच विचारतात आणि कागदपत्रं लागतातच, त्याचं पुढे सांगते, पण अठराव्या वाढदिवसानंतरच्या सोमवारी सकाळी मूल उठून कुठे जाणार आणि कसं जाणार हे आधी ठरायला हवं, आणि ते शिकवायला महिने लागतात हो, खूप महिने लागतात.

मी त्या टेस्टमधलेच प्रश्न एका वहीत उतरवले, दर दोन महिन्यांनी एकच गोष्ट घ्यायची असं ठरलं. आधी नाड्या. मग चहा, गॅसची भीती आईला जास्त, त्याला नाही. मग पैसे, आणि त्यात आम्ही वाईट अडकलो. सोन्या नोटा रंगावरून ओळखतो, पण आपल्याकडे शंभरची जुनी निळसर आणि नवी जांभळी दोन्ही चालतात, वीसची जुनी लालसर आणि नवी हिरवट पिवळी, त्यामुळे तो नवी नोट दिसली की घ्यायचाच नाही, "खोटी आहे" म्हणायचा. शेवटी बाबांनी पुठ्ठ्यावर खऱ्या नोटा जोडीजोडीने लावल्या, जुनी नवी शेजारी शेजारी, आणि तो पुठ्ठा जेवायच्या टेबलाजवळ वर्षभर टांगलेला होता. आता हिशोब जमत नाही अजून, पण नोट ओळखतो, आणि "सुट्टे द्या" म्हणतो.

सगळ्यात मोठं काम एसटीचं. कार्यशाळा घरापासून सात किलोमीटर, रोज कोण सोडणार, बाबांचं वय झालंय. आधी दोन महिने बाबा शेजारी बसून गेले, मग एक सीट मागे, मग मागच्या दाराशी, मग बाबा स्कूटरवर बसच्या मागे मागे. कंडक्टर लोकांना बाबांनी स्वतः जाऊन ओळख करून दिली, गळ्यात नंबर लिहिलेलं कार्ड. एकदा तो पुढच्या थांब्यावर उतरला आणि चाळीस मिनिटं सापडला नाही, ती चाळीस मिनिटं आई अजून विसरलेली नाही. त्या रात्री आई म्हणाली बास, उद्यापासून नाही पाठवायचं. सोन्यानेच सकाळी बॅग घेतली आणि दारात उभा राहिला. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, तो स्वतः कार्ड दाखवून तिकीट घेतो.

आता कागदपत्रं. दिव्यांग प्रमाणपत्र लहानपणी काढलेलं असेल तर ते तात्पुरतं असू शकतं, बौद्धिक अक्षमतेत अठराव्या वर्षी परत तपासणी होते आणि तेव्हा मिळालेलं कायमचं असतं. हे आम्हाला उशिरा कळलं. सरकारी दवाखान्यात तीन चकरा झाल्या, एकदा टेस्ट घेणारेच रजेवर, एकदा सर्व्हर बंद, आणि सोन्या तिथल्या बाकड्यावर चार चार तास बसून. तुम्ही आधी चौकशी करून टेस्टचा वार कोणता ते विचारूनच जा आणि डबा न्या. सोन्याचं दिव्यांगत्व ७५ टक्के आलं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पोस्टाने घरी आलं.

गार्डियनशिपचं, म्हणजे कायदेशीर पालकत्वाचं, नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक पालक गैरसमजात असतात. अठरा पूर्ण झाले की कायद्याने मूल सज्ञान, मग त्याला कितीही मदत लागत असो, आई वडील आपोआप पालक राहत नाहीत. आम्हाला हे बँकेत कळलं, त्याचं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचं खातं होतं, ते त्याच्या वाढदिवसानंतर थांबलं. एका ओळखीच्या वकिलांनी कोर्टात जावं लागेल सांगितलं होतं. गरज नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, लोक एलएलसी म्हणतात, कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अर्ज तिथे करायचा. त्या समितीचं प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने कळवलेलं आहे, आमच्या बँकेत ते पत्र प्रिंट काढून दाखवावं लागलं, पण दाखवल्यावर काम झालं.

माझ्या मनात मात्र या गार्डियनशिपबद्दल वेगळीच धास्ती होती, की आता सोन्याचं स्वतःचं काही उरणारच नाही, सगळं बाबांच्या सहीने. पण कायद्यातच आहे की समितीने आधी पालकाची गरज आहे का आणि कशाकशासाठी आहे हे बघायचं. आमच्या सुनावणीला सोन्याला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, तुझे पैसे कोणी सांभाळायचे? म्हणाला, "बाबा. पण घड्याळ मी." त्याला म्हणायचं होतं की वेळ बघायचं काम त्याचं. ते हसले नाहीत, मान डोलावली, आणि मला त्या माणसाचा फार आदर वाटला.

थोडं भराभर सांगते. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आधी मेडिकल तपासणी लागत नाही, त्या कायद्यातल्या चार प्रकारांनाच मिळतो, जरूर काढा. सरकारी पेन्शन असलेल्या घरांनी हे विचाराच, आई वडिलांनंतर अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते, इतर भावंडांसारखी वयाची अट त्याला नाही, बाबांना स्वतः शिक्षक असून माहीत नव्हतं. ही नोंद आपण हयात असतानाच करून ठेवा. मृत्युपत्र बाबांनी केलंय.

आणि एक बोलणं, जे कुठल्या फॉर्ममध्ये नसतं. आमच्या घरात "आमच्यानंतर तू आहेसच" हे लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलं गेलं की मला कोणी कधी विचारलंच नाही. गेल्या दिवाळीत मी आईला सांगितलं की हो, मी आहे, पण मला विचार. आणि त्यालाही विचार. आई रडली, बाबा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनीच विषय काढला आणि आम्ही चौघं बसलो. मी लग्न करेन, मुलं होतील न होतील, सोन्या माझ्याकडे राहील की दुसरीकडे. मग आम्ही बदलापूरची आधार संस्था बघायला गेलो, मोठ्या वयाच्या मुलांसाठी पालकांनीच उभी केलेली. रेल्वेत सोन्याला आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळाली. सोन्याला तिथली बाग आवडली, पण रात्री म्हणाला, "मी आपल्या गावात." तेही वहीत लिहून ठेवलंय. बदलू शकतं, पण लिहिलंय. घरात धाकटं मोठं भावंड असेल तर त्याच्याशी हे बोलून घ्या, ते गप्प आहे म्हणजे त्याला चालतंय असं धरू नका.

काम काय करायचं हेही आम्ही आपापसातच ठरवत होतो, फाइल बनवणं, राख्या, दिवाळीचं उटणं, कार्यशाळेत हेच असतं. त्याला दुकानात बसायचं होतं. बाबांच्या एका माजी विद्यार्थ्याचं किराणा दुकान आहे, तिथे आधी महिनाभर नुसतं जाऊन बसला, मग साखरेच्या, शेंगदाण्याच्या पुड्या. काटा डिजिटल आहे, पाचशे ग्रॅमचा आकडा त्याला पाठ झालाय. सकाळी कार्यशाळा, आठवड्यातून तीन संध्याकाळी दुकान. दुकानदार महिन्याला ६०० रुपये खात्यात टाकतो.

त्या खात्याचा हिशोब गार्डियनने दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत समितीला द्यायचा असतो, म्हणजे बाबांना जूनपर्यंत. काल रात्री फोनवर तेच चाललं होतं, बाबा पासबुक घेऊन बसलेले, ४,२०० शिल्लक, आणि मागून सोन्या ओरडत होता की त्यातून त्याला नवीन घड्याळ हवंय, मोठ्या आकड्यांचं, बसमध्ये अंधारात दिसेल असं. बाबा म्हणाले फॉर्ममध्ये लिहावं लागेल. म्हटलं लिहा की, घड्याळ, सोन्याच्या सांगण्यावरून.