कॉमिकची पार्श्वभूमी: थोडी रेषेत, थोडी रंगात

पार्श्वभूमीचा कंटाळा येतो त्याला बहुतेकदा एकच कारण असतं, सगळं रेषेनेच सांगायचा हट्ट. वीट न् वीट शाईने काढली की रंगाला काही काम उरत नाही आणि पात्र त्या जाळीत हरवतं. म्हणून काय रेषेत आणि काय नुसत्या रंगात, हे पेन्सिलीच्या टप्प्यावरच ठरवावं.

समजा, प्रसंग चाळीच्या गॅलरीतला आहे. अख्खी चाळ पानावर एकदाच दाखवावी. बाकीच्या पॅनेलमध्ये, म्हणजे चौकटींत, कठड्याचा तुकडा, दोरीवरचे कपडे, दाराची कड एवढं पुरतं. संवादाचे फुगे मात्र आधी आखून घ्या. फुग्याखाली जाणारी खिडकी काढण्यात काही अर्थ नाही.

मग क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेषा. उभ्या माणसाच्या नजरेतून चित्र असेल, तर एकाच मजल्यावर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या सगळ्यांचे डोळे त्या रेषेवर येतात, जवळचा असो की लांबचा. हे चुकलं की मागची माणसं तरंगतात किंवा खड्ड्यात उभी वाटतात. नवशिक्यांच्या पानांत ही चूक पुष्कळदा दिसते.

गॅलरीचे खांब समान अंतरावर हवेत, पण अंदाजाने काढले की हमखास फसतात. त्यावर उपाय सोपा आहे. पहिले दोन खांब काढा. दुसऱ्या खांबाचा मध्य शोधा. पहिल्याच्या वरच्या टोकापासून त्या मध्यातून रेघ खाली न्या. खांबांच्या पायथ्यांतून जाणाऱ्या जमिनीच्या रेषेला ती जिथे मिळेल, तिथे तिसरा खांब. पुढेही तसंच. जवळचे दोन-तीन खांब नक्षीसकट, जाड रेषेत. पुढचे बारीक रेषेत. शेवटचे नुसते रंगाचे पट्टे.

क्रितासारख्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग भरताना रेषांचा लेयर (थर) वर, मल्टिप्लाय मोडवर (यात पांढरा भाग पारदर्शक होतो आणि गडद रंग खालच्या रंगाला आणखी गडद करतो), आणि सपाट रंग त्याच्याखाली वेगळ्या लेयरवर. सपाट रंगासाठी अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा मऊ करण्याची सोय, बंद ठेवा. नाहीतर कडेला अर्धपारदर्शक पिक्सेल राहतात आणि नंतर रंग बदलला की जुन्या रंगाची किनार दिसते. बंदिस्त जागेत एका क्लिकने रंग भरणाऱ्या फिल टूलमध्ये भरायच्या भागाची निवड दोन-तीन पिक्सेलने वाढवून ठेवली, की रेषेखाली पांढरी फट राहत नाही. रंग भसकन पानभर पसरला, तर रेषेत कुठेतरी तोंड उघडं आहे असं समजावं.

सावलीसाठी आणखी एक मल्टिप्लाय लेयर. त्यात काळा नको, सगळं मळकट होतं. करडा जांभळा किंवा निळा बरा. एका प्रसंगात सावलीचा रंग एकच ठेवला, तर पात्र आणि भिंत एकाच उजेडात असल्यासारखी दिसतात. दूरच्या इमारती फिक्या, निळसर, कमी कॉन्ट्रास्टच्या. तिथली रेषाही काळीऐवजी करड्या निळ्या रंगाची करता येते.

अधूनमधून पान कृष्णधवल करून बघत जा. पात्राचा चेहरा मागच्या भिंतीत मिसळला, तर रंग कितीही वेगळे असोत, भिंत उजळ किंवा गडद करावी लागेल.

छापायचं असेल तर ए-४ पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल होतं. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा, वेगळं. सीएमवायकेमध्ये, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, रेषा फक्त काळ्या शाईतच, १०० टक्के, असावी. ती चारही शायांची झाली आणि छपाईत एखाद्या शाईची प्लेट (छापायचा पत्रा) जराशी सरकली, तर बारीक अक्षरांना आणि रेषांना रंगीत कडा येतात.