मिनिटाला ३४ ठोके

आजीला महिनाभरात तीनदा चक्कर आली. वय ९१, गाव अमळनेर तालुक्यातलं, वर उन्हाळा. अशक्तपणा आहे म्हणून दोन सलाईन लागल्या आणि आम्हीही तेच धरून चाललो. तिसऱ्यांदा ती चुलीजवळच कोसळली. मनगट धरून मी घड्याळाकडे पाहिलं, तर मिनिटाला अवघे ३४ ठोके! आधी दोनदा कुणी नाडी मोजलीच नव्हती, याची रुखरुख अजून जात नाही. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली तर आधी नाडी मोजा, ईसीजी काढा.

जळगावला नेलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा संदेश खाली पोचतच नव्हता. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. चालू गोळ्या आणि रक्तातलं पोटॅशियम तपासलं, तिथे दोष नव्हता. त्या रात्री जांघेतून तात्पुरता पेसमेकर, म्हणजे विजेच्या संदेशाने हृदयाचे ठोके चालू ठेवणारं यंत्र, घातला.

कायमच्या पेसमेकरवरून मात्र घरात दोन तट पडले. "या वयात कशाला चिरफाड?" काका म्हणाले. डॉक्टरांनी वयाचं काढलंच नाही, पडायच्या आधी त्या काय काय करायच्या, एवढं विचारलं. आजी तर कळण्याची भाकरी स्वतः थापायची. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "माले ईचारं का कोनी? मी पडी जास, ते बंद व्हई का?" ब्लॉकमुळे येणारी चक्कर थांबेल, गुडघे दुखायचे ते दुखतीलच, डॉक्टर म्हणाले. "मंग टाका."

भूल तेवढ्या जागेपुरतीच. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली यंत्र बसवलं, शिरेतून तार हृदयात सोडली. शस्त्रक्रियेपेक्षा नंतरचे दिवस अवघड गेले. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर तार सरकते. आणि आजीचा हात सारखा फडताळाकडे! पोलक्याची शिवण नेमकी जखमेवर यायची, वहिनीने ती उसवून सैल केली. मोबाईल त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही, पेसमेकरचं कार्ड जवळ बाळगायचं, ठरल्या वेळी यंत्र तपासून घ्यायचं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही आजीच्या देखत. दहनाआधी यंत्र काढावं लागतं, बॅटरी फुटू शकते. आम्ही माना खाली घातल्या. आजीने मात्र कार्ड मागून घेतलं, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी कुठे टांगली आहे ते काकांना दाखवलं.