हंडीची माती

दुपारी साडेबाराला, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी फोन आला. "मालक, हंडी फुटली तुमची. रस्सा सगळा बर्नरवर!" कराडजवळ हायवेला ढाबा चालवणाऱ्या एका दादांना मटणासाठी ४० हंड्या दिल्या होत्या, आठवडासुद्धा झाला नव्हता. जाऊन बघतो तर अशा ११ फुटलेल्या, सगळ्यांचा तळ सारखाच उललेला.

मी आधी त्यांच्यावरच घसरलो. थंड हंडी मोठ्या गॅसवर ठेवली तर दुसरं काय होणार? ते म्हणाले, "मग ढाबा चुलीवर चालवू का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आबांपुढे खापर ठेवलं. त्यांनी मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "लई बारीक चाळलीस माती. पाण्याच्या माठाला चालंल, रांधायच्या भांड्याला न्हाई."

खरं होतं. कोयनेकाठचा पोयटा मी फडक्यातून गाळला होता आणि हंडी चाकावरून लोण्यासारखी उतरते म्हणून खूश होतो. गॅसची ज्योत नेमकी तळावर. तळ तापून फुगतो, वरचं गार अंग त्याला फुगू देत नाही. त्या ओढाताणीत केसाएवढी चीर पडते, आणि सलग बारीक मातीत तिला अडवायला काहीच नसतं.

मग मिसळण सुरू केली. वाळूला आबांनी नाही म्हटलं. त्यांना आकडा ठाऊक नाही, पण वाळूतली गारगोटी ५७३ अंशांच्या आसपास एकदम फुगते आणि भट्टी निवताना तितकीच आकसते, त्यात भांडं आतून कच्चं होतं. पाटणकडून भाताचं तूस आणून घातलं. ते भट्टीत जळून जातं, मागे भोकं उरतात आणि चीर भोकात येऊन थांबते. हंडी टिकली, पण तेलाचा तवंग बाहेर पाझरून तळ काळा तेलकट झाला. लिदीचे धागे बारीक, म्हणून वाळवून चाळलेली घोड्याची लीद बरी पडली, तीही थोडीच.

खरी गंमत त्या ११ हंड्यांची. त्याच कुटल्या, रवाळ चुरा केला. चार घमेली मातीला एक घमेलं. एकदा भाजलेली माती ओल्या मातीसारखी पुन्हा आकसत नाही, आणि तापल्यावर अंगच्या मातीइतकीच फुगते. चाकावर मात्र हाताची सालटी निघाली! शेवटी जाड उतरवून थापीने ठोकून पातळ केल्या, बूडही गोल घेतलं. कोपरा असला की चीर तिथूनच निघते.

पहिली हंडी रिकामीच दहा मिनिटं गॅसवर ठेवली आणि वरून तांब्याभर गार पाणी ओतलं. आबा दारात उभे होते, मी कान टवकारून. चर्र झालं, बस्स.

दादांना नव्या हंड्या दिल्या त्या जुन्याच पैशांत, आणि पहिल्या दिवशी पेज उकळून घ्यायला बजावलं, बारीक भोकं बुजतात. वर्षभरात ३ फुटल्या. त्यातल्या २ घासणाऱ्या पोराच्या हातून. तिन्हींची खापरं मी पोत्यात घालून घेऊन आलो.