मिलिटरीमामांचा खांदा

घरातला जुना फोटो हातात आला की सगळ्यांची नजर आधी चेहऱ्यावर जाते. नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, हनुवटी नेमकी कुठल्या नातवात उतरली, यावर आमच्या पेडण्याच्या घरात चतुर्थीच्या दिवसांत तासन्‌तास खल चालतो. फोटोतल्या माणसाच्या अंगावर काय आहे ते कोणी बघत नाही. आणि फोटो लष्करातल्या माणसाचा असेल तर चेहरा अगदीच बिनकामाचा. पलटण ओळखायची तर खांदा बघावा, दंड बघावा, खिशावरची रिबन बघावी. नाकावरून ती कळत नाही.

बाबांचे मामा दुसऱ्या महायुद्धात होते. सगळा गाव त्यांना मिलिटरीमामा म्हणायचा. खरं नाव लग्नपत्रिकेपुरतं. वसरीवर त्यांचा मोठा फोटो आहे. लहान फोटोवरून मोठा करून त्यावर हाताने रंग भरून देत, तसला. गाल गुलाबी, ओठ लालबुंद, युनिफॉर्म पोपटी. छातीवरची पदकाची रिबन रंगवणाऱ्याने चक्क तिरंगी केली आहे. गोवा नुकताच मुक्त झाला होता, त्या बापड्याला उत्साह आवरला नसावा. पण त्याच उत्साहात खांद्यावरची पितळी अक्षरं रंगाखाली गडप झाली. फोटोच्या तळाशी पांढऱ्या रंगात ‘मराठा पलटण’ असं लिहिलंय. ते कोणी लिहायला लावलं हे घरात विचारायचं नसतं. आत्याने.

आत्याच्या म्हणण्याला अगदीच बूड नव्हतं असं नाही. पेडण्याहून बांदा, सावंतवाडी करत आंबोलीचा घाट चढलं की बेळगाव, आणि बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, १९२२ पासून. मामा तिथे एका मालट्रकवर क्लीनर होते, तिथूनच भरती झाले. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, त्यामुळे इकडे युद्ध नव्हतंच असं आपण धरून चालतो. (तेही तितकंसं खरं नाही म्हणा. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात एरेनफेल्स हे जर्मन जहाज बुडालं, ते कलकत्त्याहून आलेल्या हौशी, वय झालेल्या साहेबांच्या छाप्यामुळे. पण तो विषय वेगळा.) तर बेळगावात भरती झालेला गडी मराठ्यांतच जाणार, असं आत्याचं गणित. ती तर त्याच्याही पुढे जाते. “आमचो मामा जंगी पलटणीतलो!” जंगी पलटण म्हणजे मराठ्यांची पहिली बटालियन, १७६८ सालची. एकदा मिरवायचंच ठरवलं तर कमी कशाला मिरवा?

मूळ फोटो मला पत्र्याच्या पेटीत सापडला, काजूच्या बागायतीच्या पावत्यांखाली. पोस्टकार्डाएवढा, रंग न भरलेला. मामा खुर्चीत ताठ बसलेत, हॅट मांडीवर उपडी. त्यामुळे तिच्यावर बिल्ला होता की नव्हता ते कळायला मार्ग नाही. बिगुलाचा बिल्ला दिसला असता तर आत्या तिथेच जिंकली असती, कारण लाइट इन्फंट्रीची खूण बिगूल. बाहीवर दोन फिती, म्हणजे नाईक. एक असती तर लान्स नाईक, तीन असत्या तर हवालदार. इथवर भिंगाचीही गरज पडली नाही.

रिबनचं मात्र जपून बघावं लागतं. त्या काळच्या पुष्कळ फिल्मींना तांबडा रंग दिसतच नसे. फोटोत तो काळा उमटायचा आणि निळा उलट फिका पडायचा. ‘बर्मा स्टार’ म्हणजे ब्रह्मदेशच्या मोहिमेचं पदक. त्याच्या रिबनमध्ये मधोमध रुंद तांबडा पट्टा असतो, दोन्हीकडे निळा आणि निळ्याच्या मधून नारिंगी रेघ. मामांच्या खिशावर मधला पट्टा कुळकुळीत काळा आहे आणि त्याच्या कडेला फिकट पट्टे. रंगवणाऱ्याने त्याचा तिरंगा केला, त्याला तरी काय दोष द्यायचा?

मग खांदा. पट्टीच्या टोकाला पितळी अक्षरांची छोटी कमान असते. बाकीची अक्षरं पुसट, पण शेवटची दोन स्वच्छ लागली, एस आणि सी. मराठा पलटणीच्या नावाचा शेवट काही केल्या या अक्षरांवर होत नाही. फोन तिरका धरून, उजेड बदलून, धाकट्या पुतण्याचे कोवळे डोळे वापरून पुढची तीन वाचली. आर, आय, ए. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. फौजेला शिधा, पेट्रोल, खेचरं आणि लॉऱ्या पुरवणारं खातं. आपण प्रजासत्ताक झाल्यावर त्यातलं ‘रॉयल’ गळालं.

खांद्याच्या खाली दंडावर एक गोल ठिगळ आहे आणि त्यात कोंबडा. पिवळ्या वर्तुळात लाल कोंबडा असल्यामुळे त्या फिल्मीवर दोन्ही मळकट झालेत, पण तुरा आणि शेपटी लपत नाही. झुंजीचा कोंबडा ही तेविसाव्या इंडियन डिव्हिजनची खूण. इथे पुष्कळ जण फसतात. दंडावरचं चिन्ह डिव्हिजनचं असतं, पलटणीचं नव्हे. एकाच डिव्हिजनमध्ये मराठे असतात, गुरखे असतात, पंजाबी असतात, आणि या सगळ्यांना जेवू घालणारेही असतात. सगळ्यांच्या दंडावर तोच कोंबडा. माणूस कुठल्या मोर्च्यावर होता हे दंड सांगतो, तिथे काय करत होता ते खांदा.

कोंबड्याने आणखी एक भांडण मिटवलं. मामा म्हणायचे, “जपान शरण गेला आणि मग आमची लढाई लागली, जाव्यात.” घरातले ही फेणीची बडबड समजून सोडून देत. पण तेविसावी डिव्हिजन मणिपूर, ब्रह्मदेश सीमेवरून खरोखरच जाव्याला गेली होती. ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस तिच्या एका ब्रिगेडची सुराबाया शहरात दाणादाण उडाली आणि तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी तिथे मारले गेले. समोर होते इंडोनेशियाचे स्वातंत्र्यसैनिक, त्यांना डच राज्य परत नको होतं. म्हणजे पोर्तुगिजांची प्रजा असलेला पेडण्याचा माणूस इंग्रजांच्या पगारावर डचांच्या वसाहतीत उभा. मामा त्या लढाईबद्दल याहून जास्त कधी बोलले नाहीत, ते मला तरी समजण्यासारखं वाटतं. आणि जंगी पलटण? ती त्या युद्धात इटलीत लढली. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव त्याच पलटणीचे. दंडावर कोंबडा घेऊन इटलीला जाता येत नाही.

हे सगळं मी आत्याला नीट, पाणी देऊन, हळूहळू सांगितलं. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे रेशनवालो?”

मला हा तिरस्कार मान्य नाही. १९४४ च्या मार्चअखेर जपान्यांनी इंफाळचा रस्ता तोडला, तो कोहिमाच्या बाजूने उघडला २२ जूनला. मधल्या काळात खोऱ्यातली एवढी मोठी फौज विमानांनी येणाऱ्या मालावर तगली. तो माल उतरवायचा, मोजायचा, डोंगरावरच्या ठाण्यांना पोचवायचा, वर रोजचा शिधा कमी झालाय हे भुकेल्या शिपायांना सांगायचं. तराजू हातात धरणाऱ्याला तिथे शिव्याच जास्त मिळाल्या असणार. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात कोठीची चावी मामांच्या जानव्याला का बांधलेली असायची, चार पायल्या तांदूळ कोणाला दिले ते तोंडपाठ कसं असायचं, आणि पंगतीत भात कधीच कसा कमी पडायचा नाही, याचा उलगडा मला त्या पितळी कमानीत झाला. आत्याला तो अजून पटायचाय.

आता अडलंय ते नंबरावर. लष्कराच्या दप्तरात माणूस नावाने शोधायला गेलं तर एका नावाचे ढीगभर निघतात. सैनिक क्रमांक लागतो. तो डिस्चार्जच्या कागदावर असतो आणि तो कागद मामांच्या सुनेकडे सावंतवाडीला आहे. तिने चतुर्थी झाली की काढून ठेवते म्हणून सांगितलंय. आत्याचीही हरकत नाही. कागदात मराठा पलटण निघाली तर उत्तम, नाही निघाली तर कारकुनाने चुकीचं लिहिलं असणार, असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय.