टाळ वाजत होता, मी नव्हतो

माघ वारीसाठी सोलापूरहून पायी निघालेल्या आमच्या छोट्या दिंडीत मी गेली वीस वर्षे टाळकरी आहे. यंदा तिऱ्ह्याजवळ सीना नदी ओलांडून आम्ही कामतीच्या वाटेला लागलो, तेव्हा पहाट पुरती फुटली नव्हती. ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर रंगला होता, माझा टाळ ठेक्यात पडत होता आणि मन मात्र सुताच्या थकलेल्या उधारीची बेरीज करीत होते. दिवस ऊसतोडीचे असल्यामुळे मागचा दिवा नसलेली एक भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. पुढची ओळ तिला वळसा घालून सरकली, तरी माझे पाय नाकासमोर चालतच राहिले. मागून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजींनी मोकळ्या हाताने माझे उपरणे ओढले नसते, तर मी उसावर जाऊन आदळलो असतो.

“बाळा, टाळ बराबर वाजतुया, पर तू कुठं हाईस?” त्यांनी विचारले.

त्यानंतर मी हट्टाने प्रत्येक ठोक्याकडे लक्ष देऊ लागलो आणि पाचव्याच ठोक्याला ठेका चुकला. याचे मला नवल वाटायला नको होते, कारण यंत्रमागावर हेच शिकण्यात माझी उमेदवारीची दोन वर्षे गेली होती. तुटलेला धागा सांधताना बोटे कशी फिरतात हे आज कोणी विचारले, तर सांगता सांगता माझी गाठ सुटेल. बोटांचे काम बोटांवर सोपवलेलेच बरे. जुने कारागीर नवख्याला हातांकडे बघू देत नसत. दोन मागांच्या खडखडाटात बसून ते निवांत तंबाखू मळीत, पण आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या आवाजात किंचित फरक पडला की उभ्या धाग्यांचा ताणा तुटण्याआधी त्यांचा हात मागावर पोहोचलेला असे. सरावाने मोकळे झालेले लक्ष त्यांनी कानाकडे लावलेले होते. मी माझे उधारीच्या वहीत नेऊन ठेवले होते.

म्हणून माचणूरपर्यंत मी टाळ हातांवर सोडून दिला आणि पुढच्याची टाच, वाहनांचा आवाज, विणेकऱ्यांची मान यांकडे लक्ष ठेवले. भीमेकाठी सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन निघाल्यावर दुतर्फा ज्वारीची रानेही दिसली. ती दर वर्षी तिथेच असणार.

मंगळवेढ्याच्या मुक्कामी, संत चोखोबा ज्या गावी कुसू कोसळून गेले तिथे, संध्याकाळी हरिपाठ झाला. सत्तावीस अभंग तोंडपाठ असणे ही मोठी सोय आहे आणि मोठा धोकाही, कारण ओठ शेवटापर्यंत पोहोचतात आणि आपण तिसऱ्या अभंगावरच राहिलेलो असतो. त्या रात्री माझे लक्ष चार वेळा सुटले. चौथ्या वेळी ओशाळून मी मागे वळून आजींकडे पाहिले, तर त्या भिंतीला टेकून गाढ पेंगत होत्या आणि त्यांच्या टाळ्या ठेक्यावर बिनचूक पडत होत्या.